खरी भक्ती ओळखायची कशी? कॅथलिक जीवनातला एक जुना प्रश्न

आळीतला वाटसरू

आमच्या वसईच्या धर्मग्रामात सणाच्या तयारीची बैठक भरली होती. नोव्हेनाचे (सणाआधीच्या सलग प्रार्थनेचे) नऊ दिवस, मिरवणुकीचा मार्ग, रोषणाईचा खर्च अशा विषयांवर बोलणे चालू असतानाच एका तरुण सदस्याने विचारले, "या सगळ्यात भक्ती नेमकी कुठे आहे?" त्यावर सभेत उघडउघड दोन तट पडले. एका बाजूच्या मते जपमाळ, नोव्हेना, मिरवणूक आणि नवस हे सारे वरवरचे असून खरी भक्ती म्हणजे गरिबांची सेवा. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, ज्यांना गुडघे टेकायला वेळ नाही तेच लोक सेवेच्या गप्पा मारतात. प्रमुख धर्मगुरूंनी शेवटी चहा मागवला, तेव्हा कुठे वातावरण निवळले.

त्यानंतर मी संत लुई द माँफोर यांचे मरियाभक्तीवरील लेखन पुन्हा वाचायला घेतले. हे फ्रेंच धर्मगुरू 1673 ते 1716 या काळात होऊन गेले. त्यांचे हस्तलिखित फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत एका पेटीत दडवलेले होते आणि ते थेट 1842 मध्ये सापडले. खऱ्या भक्तीविषयी बोलण्याआधी ते खोट्या भक्तांचे सात प्रकार सांगतात: साध्याभोळ्यांच्या प्रथांना नाक मुरडणारे टीकाखोर; येशूच्या आईचा मान केल्याने पुत्राचा अपमान होईल या धास्तीत राहणारे; केवळ बाह्याचार पाळणारे; माता वाचवेल या भरवशावर खुशाल पाप करणारे; आज धरून उद्या सोडणारे चंचल; ढोंगी; आणि काम अडले की हात जोडणारे स्वार्थी. खरी भक्ती मात्र अंतरीची, विश्वासाची, पवित्र, स्थिर आणि निःस्वार्थ असते, असे ते म्हणतात.

गंमत अशी की आमच्या बैठकीतले दोन्ही तट या सात प्रकारांत सापडतात. तेव्हा जाणकारांना माझा प्रश्न असा आहे की, कॅथलिक माणसाने स्वतःची भक्ती खरी आहे की नाही हे कशावरून ओळखावे?

सहावी घंटा

वाटसरू, प्रश्न चांगला आहे, पण त्याचे उत्तर ख्रिस्तसभेने देऊन ठेवलेले आहे. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटले आहे की, खरी भक्ती म्हणजे क्षणिक, निष्फळ भावनावेग नव्हे आणि पोकळ भाबडेपणाही नव्हे. ती खऱ्या श्रद्धेतून उपजते आणि मरियामाउलीच्या सद्गुणांचे अनुकरण करायला लावते. त्याच परिषदेच्या 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लोकांच्या भक्तिप्रकारांची मनापासून शिफारस केली, पण ते ख्रिस्तसभेच्या उपासनेतून उगम पावणारे आणि माणसाला पुन्हा त्या उपासनेकडेच नेणारे असावेत, अशी अट घातली. त्यामुळे माझी कसोटी सोपी आहे. नोव्हेनाचे नऊही दिवस हजर असणारा माणूस दहाव्या दिवशीच्या रविवारच्या मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) दिसतो का, एवढे पाहावे.

मुक्तछंद

तुमच्या कसोटीवर मी नापास आहे, पण माझ्या आळीतले किमान निम्मे लोक माझ्या सोबतीला आहेत, हे समाधान आहे.

पाणथळ

घंटाकाकांशी मी अर्धाच सहमत आहे. मिस्साला हजर असणे ही शेवटची कसोटी होऊ शकत नाही, कारण मिस्साला नियमित येऊन मजुराची मजुरी बुडवणारी माणसे आपल्या सर्वांच्या ओळखीची आहेत. आमोस संदेष्ट्याच्या तोंडून देव म्हणतो की तुमच्या सणांचा मला वीट आला आहे, तुमच्या गाण्यांचा गोंगाट दूर करा आणि न्याय पाण्यासारखा वाहू द्या. याकोबाच्या पत्रात निर्मळ धर्माचरणाची व्याख्या करताना अनाथ आणि विधवा यांच्या संकटात त्यांचा समाचार घेणे हीच गोष्ट पुढे ठेवली आहे.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली तेव्हा पाणी आणि जमीन यांच्यासाठी रस्त्यावर उतरणे हे धर्मगुरूचे काम आहे का, असे विचारणारे भाविक कमी नव्हते. माझ्या दृष्टीने त्या मोर्च्यांत चालणे ही भक्तीच होती, आणि ती कोणत्याही मिरवणुकीपेक्षा कमी नव्हती.

गोदाकाठ

मी श्रीरामपूर तालुक्यातली आहे. हरेगावच्या मतमाउलीची यात्रा दर सप्टेंबरात माझ्या घरापासून जवळच भरते. पाणथळ दादा, तुमचे म्हणणे वाचताना मला आमच्या यात्रेतल्या बायका आठवल्या. मराठवाड्याच्या गावागावांतून त्या येतात, कोणी एसटीने, कोणी ट्रकमधून, तर कोणी पायी. अंगावरचे लुगडे सोडले तर बरोबर भाकरीचे गाठोडे आणि मेणबत्त्या एवढेच सामान असते. त्यांतल्या पुष्कळजणी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या आहेत. त्यांना याकोबाचे पत्र वाचून दाखवायला कोणी गेलेले नसते, पण शेजारणीचे आजारी पोर कडेवर घेऊन त्या रांगेत उभ्या असतात.

शहरातला शिकलेला माणूस या बायकांचा नवस पाहून त्याला स्वार्थ म्हणतो. मी त्याला एवढेच विचारते की, ज्या बाईपाशी मागण्यासाठी दुसरे कोणतेही दार नाही, तिने देवाच्या आईकडे मागितले तर त्यात स्वार्थ कुठला? शुभवर्तमानातली रक्तस्रावाने पीडित स्त्री गर्दीतून वाट काढत येऊन येशूच्या झग्याला हात लावते. तीही बाह्याचारीच म्हणायची, आणि तीही आपल्या गरजेसाठीच आली होती. येशूने तिला प्रवचन दिले नाही, "मुली, तुझ्या श्रद्धेने तुला बरे केले आहे," असे म्हटले.

पाणथळ

गोदाताई, तुमचा मुद्दा मान्य. माझा राग त्या बायकांवर नाही, त्यांच्या नावाने रोषणाईच्या पावत्या फाडणाऱ्यांवर आहे.

पोथीवाचक

चर्चेत एक धागा सुटतो आहे असे वाटते. आपण सर्वजण भक्तीची दृश्य रूपे मोजत आहोत, कोणी मिस्सा, कोणी मोर्चा, कोणी यात्रा. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात भक्तीची जागा इच्छाशक्तीत दाखवली. देवाच्या सेवेच्या गोष्टींना स्वतःला तत्परतेने वाहून देण्याची इच्छा, ही त्यांच्या मते भक्ती. डोळ्यांत पाणी येणे, अंगावर काटा उभा राहणे हे तिचे परिणाम असू शकतात, पण ते आले नाहीत म्हणून भक्ती नाही असे ठरत नाही. त्यांनी आणखी एक निरीक्षण नोंदवले आहे, ते मला फार आवडते. विद्वत्ता माणसाला स्वतःवर भरवसा ठेवायला शिकवते, त्यामुळे ती भक्तीच्या आड येऊ शकते, आणि साध्या माणसांत पुष्कळदा भक्ती अधिक आढळते. हे लिहिणारा माणूस त्या काळातला सर्वांत विद्वान ईश्वरशास्त्रवेत्ता होता, हे लक्षात घ्या.

यावरून वाटसरूंच्या प्रश्नाचे एक उत्तर मिळते. मला आज प्रार्थनेत काय वाटले हे विचारण्यापेक्षा, देवाचे म्हणून जे काम समोर आले त्याला मी किती लवकर आणि किती मोकळ्या मनाने उठलो, हे विचारावे.

मध्यरात्र पाळी

मी मूळची गिरिजची, सध्या कुवेतमध्ये परिचारिका आहे. इथे शुक्रवारी सुटी असल्यामुळे रविवारची मिस्सा बहुतेक लोक शुक्रवारीच ऐकतात, आणि अतिदक्षता विभागात पाळी लागली तर तीही चुकते. घंटाकाकांच्या हजेरीपुस्तकात माझ्या नावापुढे बऱ्याच फुल्या असतील.

विभागात जपमाळ हातात घेता येत नाही, संसर्गाच्या नियमांमुळे अंगठीसुद्धा चालत नाही. त्यामुळे मी हातमोज्याच्या आत बोटांवर दशक (जपमाळेतल्या दहा प्रार्थना) मोजते. डाव्या करंगळीपासून सुरुवात केली की उजव्या करंगळीला दशक पुरे होते. मध्येच एखाद्या रुग्णाच्या यंत्राची घंटी वाजते आणि पाचव्या की सहाव्या बोटावर होते ते विसरायला होते. परत आल्यावर मी नव्याने सुरू करत नाही, जिथे आठवते तिथून पुढे जाते. एका निवृत्त धर्मगुरूंना मी विचारले होते की, अशी तुटकी जपमाळ चालते का. ते म्हणाले की घंटी वाजल्यावर तू जागेवरच बसून राहिली असतीस तर ती चालली नसती.

पोथीवाचक

ताई, हेच संत फ्रान्सिस द साल यांनी 1609 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सांगितले आहे. भक्ती ज्याच्या त्याच्या आयुष्यक्रमाप्रमाणे वेगळी असली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. बिशपने मठातल्या एकांतवाशासारखे राहायचे ठरवले, संसारी माणसाने कापुचिन संन्याशासारखी पैशाकडे पाठ फिरवली, कारागिराने दिवसभर चर्चमध्येच बसायचे ठरवले, तर ती भक्ती हास्यास्पद होईल. जी भक्ती माणसाच्या रास्त कर्तव्याच्या आड येते ती खोटी, असे ते नि:संकोच सांगतात.

याच ग्रंथात ढोंगाचे एक चित्र आहे. उपासाच्या दिवशी द्राक्षारसात जीभ बुडवायलाही घाबरणारा माणूस चहाडी आणि निंदा करून शेजाऱ्याचे रक्त मात्र बिनदिक्कत पितो. ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात मांसाहार सोडणाऱ्या आपल्यातल्या अनेकांनी हे वाक्य स्वयंपाकघरात लावून ठेवायला हरकत नाही.

केळीचा कोका

स्वयंपाकघरात कशाला, आमच्याकडे ते चर्चच्या पायऱ्यांवर लावावे लागेल. मिस्सानंतरची अर्धी चहाडी तिथेच होते.

तिसवाडीकर

गोव्याहून लिहितो आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचे दर्शन दर दहा वर्षांनी होते. मागचे 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात झाले. सावंतवाडी आणि बेळगावकडूनही पायी येणारे भाविक असतात. ओल्ड गोव्यातल्या त्या रांगेत मीही उभा होतो आणि माझ्या मागचा एक गृहस्थ पूर्ण वेळ भ्रमणध्वनीवर जमिनीचा सौदा करत होता. पहिल्यांदा माझा पारा चढला. नंतर वाटले की हा माणूस निदान रांगेत तरी आहे, त्याच्या मनाचा हिशेब मला कोणी दिलेला नाही.

झेवियर 1542 च्या मे महिन्यात गोव्यात उतरले. त्यांनी आपला मुक्काम इस्पितळात ठेवला, रुग्णांची सेवा केली, रविवारी कुष्ठरोग्यांकडे गेले आणि हातात घंटा घेऊन रस्तोरस्ती मुले व गुलाम यांना धर्मशिक्षणासाठी गोळा केले. पाणथळ आणि सहावी घंटा यांच्या वादात झेवियर कोणत्या बाजूला बसतील, हे मला कळत नाही. ते मिस्सा अर्पण करून थेट कुष्ठरोग्यांकडे जाणारे होते, त्यामुळे दोघांचीही पंचाईत होईल.

दादरचा शेजारी

मी कॅथलिक नाही, पण दर बुधवारी होणाऱ्या माहीमच्या नोव्हेना-प्रार्थनेला माझी आई वर्षानुवर्षे जाते, म्हणून बोलण्याचे धाडस करतो. सेंट मायकल चर्चमध्ये 1948 पासून ही नोव्हेना चालते आणि तिथे सर्व धर्मांचे लोक असतात. आई घरी देवपूजा करते आणि बुधवारी तिथे मेणबत्ती लावते. तिला यात काही विसंगती वाटत नाही. तुमच्या सात प्रकारांत तिला कुठे बसवाल?

सहावी घंटा

कुठेही नाही. ती यादी माँफोर यांनी आपल्या लोकांनी स्वतःला तपासावे म्हणून केली होती. तुमच्या आईंना आमचा नमस्कार सांगा, आणि गर्दी टाळायची असेल तर सकाळच्या नोव्हेनाला जायला सांगा.

मुक्तछंद

काका, हे उत्तर तुमच्याकडून अपेक्षित नव्हते. आता माझे थोडे ऐकून घ्या. मी चर्चला जाणे कमी केले त्याचे कारण आळस एवढेच नाही. लहानपणी जपमाळ म्हणताना घरात जो शांतपणा वाटायचा तो नंतर वाटेनासा झाला. शब्द तोंडातून जातात आणि आत काहीच हलत नाही. अशा वेळी तिथे बसून राहणे मला ढोंग वाटते. माँफोर यांच्या यादीत ढोंगी आहेतच. मग न वाटता प्रार्थना करणारा आणि ढोंगी यांत फरक काय?

टोपलीभर

मुक्तछंद, तुझ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही, पण माझ्या आजीची हकिगत सांगते. आमची सोनचाफ्याची वाडी होती. फुले उजाडण्यापूर्वी काढावी लागत, ऊन लागले की त्यांचा रंग आणि भाव दोन्ही उतरतात. आजी अंधारात बत्ती घेऊन आकडीने फांदी खाली ओढायची आणि फुले केळीच्या पानात बांधून पहाटेच्या लोकलने दादरच्या बाजारात न्यायची. तिथून ती फुले कोणाच्या देवघरात जायची, कोणत्या देवळात जायची, याच्याशी तिला देणेघेणे नव्हते. गाडीत टोपली पायांशी आणि जपमाळ पदराखाली. ती जपमाळ म्हणताना सरळ सरळ पेंगायची, दुसऱ्या बायका तिला कोपराने ढोसून भाईंदर आल्याचे सांगायच्या. जागी झाली की पुन्हा "नमो मरिये" सुरू.

तिला त्या गाडीत दिव्य शांती लाभत असेल असे मला वाटत नाही, गुडघेच दुखत असत. पण माझे काका दारूच्या पायी घर सोडून गेले तेव्हा ती रोज एक दशक त्यांच्या नावाने म्हणायची आणि त्यांच्या ताटात रोज भात वाढून ठेवायची. काकीला ती कधी एका शब्दाने बोलली नाही. एवढेच मला ठाऊक आहे.

पोथीवाचक

टोपलीभर यांनी उत्तर नाही म्हणत उत्तर दिले आहे. मी त्याला फक्त दोन नावांची जोड देतो. लिझ्यूच्या संत तेरेझा यांनी स्वतः लिहून ठेवले आहे की एकटीने जपमाळ म्हणणे त्यांना फार जड जात असे, आणि प्रार्थनेत त्यांना झोपही लागत असे. त्याच तेरेझांना पुढे झेवियर यांच्या बरोबरीने मिशनकार्याच्या आश्रयदात्या संत म्हणून 1927 मध्ये मान मिळाला, आणि त्या तर मठाबाहेर मिशनवर कधी गेल्याच नाहीत. दुसरे नाव कोलकात्याच्या मदर तेरेसांचे. त्यांची खाजगी पत्रे 2007 मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांनी कित्येक वर्षे अंतरी कोरडेपणा आणि काळोख सोसला हे जगाला कळले. त्या काळात त्या रोज पहाटे मिस्साला बसत होत्या आणि मरणासन्न माणसांना उचलून आणत होत्या.

ढोंगी माणूस इतरांना दिसावे म्हणून करतो. ज्याला काहीच वाटत नाही आणि कोणी पाहतही नाही, तरी जो करतो, त्याला ढोंगी कसे म्हणणार? मुक्तछंद, तुझ्या बाबतीत मी एवढेच सुचवीन की न वाटण्याची तक्रारच प्रार्थनेत मांड. स्तोत्रसंहितेची बरीच पाने अशा तक्रारींनी भरलेली आहेत.

मुक्तछंद

तक्रार करायला मला नक्कीच जमेल. टोपलीभर ताई, आजींची हकिगत मी आईला वाचून दाखवली.

केळीचा कोका

आता मी गंभीरपणे लिहितो. आमच्या गावात दोन भाऊ आहेत. बांधावरून वाद झाला, कोर्टात गेला, एकमेकांशी बोलणे बंद. सणाच्या मिरवणुकीत मात्र मूर्तीचा एक दांडा थोरल्याच्या खांद्यावर असतो आणि दुसरा धाकट्याच्या, कारण तो मान त्यांच्या घराण्याचा आहे. मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की वेदीशी आल्यावर भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवले तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. एका वर्षी नव्या धर्मगुरूंनी हा उतारा प्रवचनाला घेतला आणि सर्वांच्या नजरा त्या दोघांकडे वळल्या. दोघांनीही दांडा सोडला नाही आणि समेटही केला नाही. यांना माँफोर यांच्या कोणत्या प्रकारात टाकायचे?

गोदाकाठ

कोका भाऊ, घंटाकाकांनी वर सांगितलेच आहे की यादी स्वतःसाठी आहे. तरी मला वाटते की ज्या दिवशी दोघांपैकी एकाने दांडा सोडून दिला असता त्या दिवशी समेटाची शक्यताही संपली असती. एका मूर्तीखाली चालण्यामुळे वर्षातून एकदा तरी त्यांची पावले जुळतात. बाहेरून दिसणारी भक्ती पुरेशी नसते हे खरे, पण ती मोडून टाकली की आतली आपोआप उगवते, हा शहरी समज आहे.

पाणथळ

हा मुद्दा मी सहज मान्य करणार नाही, कारण अशा जुळलेल्या पावलांच्या समाधानावरच कोर्टातला दावा वर्षानुवर्षे चालतो. त्या धर्मगुरूंनी तो मान एक वर्ष दोघांकडूनही काढून घ्यायला हवा होता.

तिसवाडीकर

आणि तो कोणाला द्यायचा? त्यावरून तिसरा दावा उभा राहील.

आळीतला वाटसरू

सर्वांचे आभार. चर्चेतून माझ्या मनाशी एक गोष्ट पक्की झाली. पाच लक्षणांपैकी स्थिरता हे लक्षण मी आजवर सर्वांत कमी महत्त्वाचे मानत होतो. मध्यरात्र पाळी ताईंची बोटे आणि टोपलीभर यांच्या आजी यांच्याविषयी वाचल्यावर मला वाटते की बाकीची चार लक्षणे पारखायला वेळ लागतो आणि तो वेळ स्थिरताच देते. निःस्वार्थता तर मागितलेले मिळाले नाही तेव्हाच कळते. नोव्हेना फळाला आली नाही आणि माणूस तरीही पुढच्या बुधवारी गेला, तर काही म्हणता येईल. पाणथळ आणि गोदाकाठ यांचा वाद मात्र मला मिटलेला दिसत नाही, आणि तो आमच्या पुढच्या बैठकीतही मिटणार नाही.

आता एक व्यावहारिक विचारणा. माँफोर यांनी आत्मसमर्पणासाठी (मरियेमार्फत स्वतःला ख्रिस्ताला वाहून देण्यासाठी) 33 दिवसांची तयारी सांगितली आहे. 8 डिसेंबरच्या निष्कलंक मातेच्या सणाला समर्पण करायचे तर 5 नोव्हेंबरला सुरुवात करावी लागते. आळीतल्या क्रुसापाशी ध्वनिक्षेपकाशिवाय, रोषणाईशिवाय आम्ही काहीजण बसणार आहोत. कोणाला अनुभव असल्यास सांगावे.

सहावी घंटा

आम्ही आमच्याकडे केले आहे. पहिले बारा दिवस जगाचा मोह मनातून काढण्याचे, मग एकेक आठवडा स्वतःला, माउलीला आणि ख्रिस्ताला ओळखण्याचा. वेळ रोज एकच ठेवा आणि अर्ध्या तासाच्या वर नेऊ नका, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात तुम्ही आणि क्रूस दोघेच उराल. पाणथळ यांना जरूर बोलवा.

पाणथळ

येतो. मात्र एक अडचण आधीच सांगून ठेवतो. नाताळआधीच्या आगमनकाळापूर्वी लग्ने उरकण्याची घाई असल्यामुळे जगाचा मोह सोडण्याच्या नेमक्या त्या बारा दिवसांत माझ्याकडे तीन लग्नांची आमंत्रणे आहेत, आणि त्यांतले एक घंटाकाकांच्याच घरचे आहे.